नव्याचा रोजा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना इतिहासाच्या तासाला एक गोष्ट खपत नसे, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. प्रत्येक पराभवाचं खापर परक्याच्या माथी फोडून मोकळं होणं त्यांना मुळीच पटत नसे. आत काय कुजलं होतं ते आधी सांगा, बाहेरून कोण आला ते मग सांगा, असा त्यांचा आग्रह. विषय निवडताना मला तोच आग्रह आठवला. म्हणून आज मी एका उपवासाविषयी बोलणार आहे. यहुदी पंचांगातला हा एक लहानसा उपवास. पण आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांनी त्याला अस्सल आपलं नाव दिलं होतं. नव्याचा रोजा.

शिरूरला हा विषय का, असं कुणी विचारील. इथे घोडनदीच्या काठी एके काळी इंग्रजांची मोठी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी याच तालुक्यातल्या कोरेगावात पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली. भीमा ओलांडली की पेरण्याच्या हद्दीत जयस्तंभ आहे. त्यावर कंपनीच्या मेलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. ‘नाक’ हा प्रत्यय असलेली बावीस नावं महार शिपायांची. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले आणि तेव्हापासून तो स्तंभ लाखो माणसांच्या स्वाभिमानाची जागा झाला. त्याच यादीत मराठ्यांची, रजपुतांची, मुसलमानांची नावं आहेत आणि एक-दोन नावं यहुदी शिपायांची असावीत, असं अभ्यासकांनी म्हटलं आहे. एक किंवा दोन. एवढीशी नोंद. पण तेवढ्या नोंदीने हा समाज आपल्या तालुक्याच्या इतिहासात शिरतो आणि मग तो काय मानत होता, काय पाळत होता, हे विचारण्याचा हक्क आपल्यालाही मिळतो.

हे लोक म्हणजे बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, अशी त्यांची परंपरेने आलेली कथा. कोकणात ते तेलघाणा चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. आडनावं तुमच्या-माझ्यासारखीच गावावरून पडलेली: किहीमचे केहिमकर, नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, तसेच दिवेकर, राजपूरकर, अष्टमकर. अठराव्या शतकापासून ते मोठ्या संख्येने मुंबईच्या फौजेत शिरले. त्यांच्यातले सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे फौजेत अधिकारी होते. टिपूच्या कैदेतून ते जिवंत परतले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत आपल्या समाजाचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधलं. पुढे रेल्वे, पोस्ट, कस्टम, दवाखाने अशा नोकऱ्यांमधून हा समाज घाटावर आला. पुण्यात रास्ता पेठेत त्यांचं सुक्कथ शेलोमो हे सिनेगॉग १९२१ सालचं. कॅम्पातलं लाल देऊळ मात्र बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांचं. दोन्ही समाज यहुदी, पण एक अरबी बोलत आला आणि दुसरा मराठीतच वाढला.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून ठेवला. तो छापला गेला तेल अवीवला, १९३७ साली. त्या ग्रंथात जुन्या सणा-उपवासांची नावं आहेत आणि ती वाचताना आपलंच पंचांग उघडल्यासारखं वाटतं. वर्षारंभ तो ‘नव्याचा सण’. यॉम किप्पूर, म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा उपवास, तो ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, परक्याशी बोलणंही टाळायचं. दुसरा दिवस ‘शिळा सण’. पुरीम तो ‘होळीचा सण’. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपवास ‘बिरड्याचा रोजा’. तम्मुझ महिन्याच्या सतरा तारखेचा ‘सब्बाबी रोजा’. एलूल महिनाभर पहाटेच्या प्रार्थना आणि उपवास, त्याला तर ते सरळ ‘रमजान’च म्हणत. रोजा आणि रमजान हे शब्द मुसलमान शेजाऱ्यांचे, सण आणि होळी हे शब्द हिंदू शेजाऱ्यांचे, आणि दिवस मात्र जेरुसलेमच्या पंचांगाचे. कितीतरी शतकं या लोकांजवळ हिब्रू पोथी नव्हती, शिकवणारा कुणी नव्हता. शनिवार, सुंता, ‘शेमा’ ही एक प्रार्थना आणि हे दिवस, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. केहिमकरांच्या मते यातले काही दिवस अगदी मूळचे आणि नव्याच्या रोजासारखे काही नंतर बाहेरून आलेल्या शिक्षकाने, डेव्हिड राहाबीने, शिकवलेले. ते कसंही असो. समाजाने ते आपल्या जिभेवर घेतले.

आता हा उपवास म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे उपवास म्हटलं की डोळ्यांपुढे साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी येते. यहुदी उपवासात फराळ नाही. अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. कडक निर्जळी. वर्षात दोन उपवास मोठे: दारफाळणीचा आणि बिरड्याचा. ते सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत चालतात. अंघोळ नाही, चामडी पादत्राणं नाहीत. बाकीचे लहान उपवास पहाट फुटल्यापासून चांदण्या दिसेपर्यंत. त्यात अंघोळीला, कामधंद्याला मोकळीक. आजाऱ्याने, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने या लहान उपवासांत स्वतःला छळू नये असा स्पष्ट निर्णय आहे. शनिवार आला तर नव्याचा रोजा एक दिवस पुढे रविवारी जातो, कारण शब्बाथच्या आनंदात उपवासाने विघ्न आणायचं नाही.

बिरड्याच्या रोजाचं नाव अन्नावरून पडलं, कारण उपवास सुटायचा तो वालाच्या बिरड्यावर. अव महिन्याची नवमी आपल्या आषाढात किंवा श्रावणात येते. आदल्या दिवसांत वाल भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड काढायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. साल सुटली की हिरवट पांढरी डाळिंबी हातात येते. बिरडं सोलायला वेळ लागतो आणि बोटं सुरकुततात, हे कोकणातल्या कोणत्याही बाईला विचारा. मंदिर जळाल्याच्या दिवशी हा समाज बायकांच्या त्या कामातून आपला शोक मोजत होता, असं मला वाटतं. हिब्रू विलापगीतं त्यांना येत नव्हती. वाल सोलणं येत होतं.

नव्याच्या रोजामागची कथा मात्र मंदिर पडून गेल्यानंतरची आहे आणि मी आज मुख्यतः तीच सांगायला उभा आहे.

इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्रेस्सर याने जेरुसलेम जाळलं. राजा सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली, मग त्याचे डोळे काढले आणि त्याला बेड्या घालून नेलं. सरदार, कारागीर, शिकलेले लोक कैद करून बाबेलला नेले. मागे राहिले ते गावकुसातले दरिद्री लोक. इथे एक गोष्ट आपल्यासारख्या शेतकरी श्रोत्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. यिर्मयाच्या पुस्तकात लिहिलं आहे की बाबेलच्या सेनापतीने या भूमिहीनांना द्राक्षमळे आणि शेतं दिली. ज्यांच्या नावावर आयुष्यात ढेकूळ नव्हतं, ते त्या जळलेल्या देशात जमीनदार झाले. त्यांच्यावर सुभेदार नेमला गदल्या, अहीकामचा मुलगा. घराणं लिहिण्या-वाचण्यातलं, त्याच्या बापाने एकदा यिर्मया संदेष्ट्याचा जीव वाचवला होता.

गदल्याने मिस्पा गावी कचेरी थाटली. राज्य गेलं होतं, सत्ता शत्रूची होती, आणि तरी तो लोकांना म्हणाला, भिऊ नका. गावात राहा, द्राक्षारस करा, उन्हाळी फळं आणि तेल गोळा करा, भांड्यांत भरून ठेवा. शेजारच्या मवाब, अम्मोन, अदोम या देशांत पळून गेलेली माणसं ही बातमी ऐकून परत येऊ लागली. त्या वर्षी पीक भरपूर आलं. सगळं संपल्यावर पुन्हा सुरुवात झाली होती, आणि ती तलवारीने झालेली नव्हती, खळ्यावर झाली होती.

मग योहानान नावाचा एक सरदार गदल्याकडे आला. अम्मोनच्या राजाने इश्माएलला तुझा खून करायला पाठवलंय, असं त्याने सांगितलं. इश्माएल बिन नथन्या हा राजवंशातला. आपल्या हक्काच्या गादीच्या जागी एका कारकुनाच्या पोराला परक्याने बसवलंय, हे त्याला सहन होत नव्हतं. योहानान एकांतात म्हणाला, मला परवानगी दे, मी त्याला गुपचूप संपवतो. तू मेलास तर उरलेले सगळे पुन्हा पांगतील. गदल्या म्हणाला, असं करू नकोस, तू इश्माएलविषयी खोटं बोलतोस.

सातव्या महिन्यात इश्माएल दहा माणसं घेऊन मिस्पाला आला. गदल्याने पाहुणचार केला. सगळे एका पंगतीला बसले, एका ताटातली भाकरी मोडली. आणि त्या पंगतीतून उठून इश्माएलने गदल्याला मारलं. त्याच्याबरोबरच्या यहुद्यांना मारलं, बाबेलच्या शिपायांनाही मारलं. दोन दिवस बाहेर कुणाला पत्ता नव्हता. तेवढ्यात शेखेम, शिलो, शोमरोनहून ऐंशी माणसं आली. दाढ्या उतरवलेल्या, कपडे फाडलेले. जळालेल्या मंदिराला धान्य आणि धूप अर्पण करायला निघालेले यात्रेकरू. इश्माएल रडत रडत त्यांना सामोरा गेला, गावात घेऊन आला आणि त्यांना कापून एका मोठ्या टाक्यात फेकलं. दहा जण वाचले, कारण ते म्हणाले, आम्हाला मारू नका, आमच्या शेतात गहू, जव, तेल आणि मध पुरून ठेवला आहे.

पुढे योहानानने पाठलाग केला, कैदी सोडवले, पण इश्माएल निसटला. उरलेल्या लोकांना बाबेलच्या सुडाची धास्ती बसली. यिर्मया ‘जाऊ नका’ म्हणत असताना ते सगळे त्यालाच बरोबर ओढून मिसरला गेले. ज्यांना आयुष्यात पहिल्यांदा जमीन मिळाली होती त्यांनी ती टाकली. देशात जी शेवटची ठिणगी होती ती बाबेलच्या राजाने विझवली नाही. ती घरच्यानेच विझवली.

याच दिवसाचा उपवास म्हणजे नव्याचा रोजा. तिश्री महिन्याची तृतीया, वर्षारंभाच्या दोन दिवसांनंतर लगेच. काही जुने भाष्यकार म्हणतात, खून प्रत्यक्षात पहिल्या तारखेलाच झाला. नव्या वर्षाच्या दिवशी उपवास करता येत नाही म्हणून तो पुढे नेला. तालमूद या यहुदी धर्मग्रंथाच्या कर्त्यांनी प्रश्न विचारला: मंदिर जळालं, तट फुटला, त्यांच्या जोडीला एका सुभेदाराच्या मरणाचा उपवास का? उत्तर दिलं की सज्जनाचं मरण हे देवाचं घर जळण्याइतकंच मोठं आहे.

पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत, आणि इथे मला या परंपरेविषयी फार आदर वाटतो. त्यांनी गदल्यालाही सोडलं नाही. यिर्मयाच्या पुस्तकात एक अवघड वाक्य आहे. ते टाकं ‘गदल्याच्या हातून’ मेलेल्यांनी भरलं, असा त्याचा शब्दशः अर्थ होतो. मारले इश्माएलने, मग गदल्याचा हात कुठून आला? तालमूद सांगतं, त्याने योहानानची सूचना कानाआड केली, म्हणून ती सत्तर प्रेतं त्याच्या नावावर. चुगलीवर विश्वास ठेवू नये हे खरं, पण ऐकून सावध तरी व्हायला हवं होतं. म्हणजे ज्या हुतात्म्यासाठी उपवास, त्याच्याही पदरात चूक घातली. आपण कुणाच्या पुण्यतिथीला असं बोलायचं धाडस करू?

आणखी एक बारीक गोष्ट. या दिवशी सिनेगॉगमध्ये तोरा या धर्मग्रंथामधला जो उतारा वाचतात त्यात गदल्याचं नाव नाही. त्यात सोन्याच्या वासराची गोष्ट आहे: मिसरच्या दास्यातून सुटलेल्या लोकांनी सीनायच्या पायथ्याशी स्वतःच वासरू ओतलं, स्वतःच त्यापुढे नाचले, आणि मोशेने त्यांच्यासाठी देवाची विनवणी केली. सगळ्या लहान उपवासांना हाच उतारा. मंदिर परक्याने पाडलं असो की सुभेदार घरच्याने मारला असो, वाचायचं ते आपल्या हातून घडलेलं.

तिश्री महिना आपल्या भाद्रपदाशी नाहीतर आश्विनाशी जुळतो. म्हणजे नव्याचा रोजा कधी हरतालिका-गणपतीच्या तोंडावर येतो, कधी नवरात्राच्या तिसऱ्या माळेच्या आसपास. २०२५ साली तो २५ सप्टेंबरला, नवरात्रात आला. २०२६ साली तो १४ सप्टेंबरला, नेमका गणेश चतुर्थीला येतो. ही जुळणी बघताना मला दुसराच भाद्रपद आठवतो. ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात गणपती बसलेले होते. अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा गारद्यांपासून जीव वाचवत चुलते राघोबादादा यांच्या खोलीत धावला आणि तिथेच कापला गेला. सुमेरसिंग गारदी हा हात, मागे घरचेच. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवून देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. दादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले, १७७५ चा सुरतेचा तह झाला आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. इंग्रजांची फौज घोडनदीपर्यंत कशी आली या प्रश्नाची उत्तरं अनेक आहेत, पण त्यातला एक रस्ता त्या खोलीतून निघतो.

या खुनाचं आपण काय केलं? ‘ध चा मा’ ही म्हण केली. अमावस्येच्या रात्री वाड्यातून हाक ऐकू येते, अशी भुताची गोष्ट केली. सहलीला आलेली पोरं ती ऐकून ओरडतात. रामशास्त्र्यांवर गोष्टी लिहिल्या, सिनेमाही निघाला, ते चांगलंच झालं. पण ज्या दिवशी आपल्याच माणसांनी आपलं घर पोखरलं, तो दिवस पाळायचा असतो हे आपल्याला सुचलं नाही. आणि त्या पेशवाईने पुढे याच भूमीवर महारांना जे भोगायला लावलं, ते आतलं कुजणं तर खुनापेक्षा खोल होतं. कोरेगावच्या स्तंभापाशी जे लोक दर वर्षी जातात त्यांनी आपली आठवण जपली आहे. ज्यांनी ते भोगायला लावलं त्यांच्या वारसांनी कोणता दिवस पाळायचा, हा प्रश्न मी मोकळ्या सभेत विचारतो, आणि मलाही धरून विचारतो.

जवळचं उदाहरणही आहे. ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता आपण दोन मिनिटं उभे राहतो. गांधीजींवर गोळ्या झाडणारा आपल्या शेजारच्या बारामतीत जन्मला होता, पुण्यात वर्तमानपत्र चालवत होता, मराठीत विचार करत होता. त्यानंतरच्या दिवसांत महाराष्ट्रात ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशा माणसांची घरं जाळली गेली, तीही आपल्याच हातांनी. मिस्पाच्या टाक्यातल्या यात्रेकरूंचा तरी काय संबंध होता? ती दोन मिनिटं संपली की आपण बसतो. हा सगळा हिशेब आपलाच आहे, असं त्या दोन मिनिटांत कुणी मोठ्याने म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. इस्राएलमध्ये ४ नोव्हेंबर १९९५ ला पंतप्रधान यित्झाक राबिन यांचा खून एका यहुद्यानेच केला, तेव्हा तिथल्या अनेकांना लगेच गदल्या आठवला. त्यांच्याजवळ त्या दुःखासाठी पंचांगात अडीच हजार वर्षांची जागा तयार होती.

उपवासाने काय साधतं, हा प्रश्न शिरूर-दौंडकडचा माणूस विचारणारच, कारण पोट रिकामं ठेवणं म्हणजे काय हे या पट्ट्याला कुणी शिकवायला नको. हा पर्जन्यछायेचा भाग. १९७२ चा दुष्काळ आणि खडी फोडायची कामं ज्यांनी पाहिली ते समोर बसले आहेत. यहुद्यांच्या मिश्ना या धर्मसंहितेत उपवासांवर एक अख्खं प्रकरण आहे आणि त्याची सुरुवात पावसापासून होते. पावसाळ्याच्या आरंभी थेंब पडला नाही तर आधी गावातले मोजके लोक सोमवार-गुरुवार-सोमवार उपवास करतात. तरी पडला नाही तर सगळं गाव तीन. मग आणखी तीन, कामधंदा बंद ठेवून. मग सात. शेवटी तोराची पेटी चौकात आणतात, तिच्यावर राख टाकतात, प्रत्येकाच्या डोक्यावर राख. आणि गावातला वडीलधारा उठून बोलतो. त्याने काय बोलायचं तेही ठरलेलं आहे. निनवे शहराच्या गोष्टीची तो आठवण देतो: देवाने त्यांचं गोणपाट आणि उपवास पाहिले असं लिहिलेलं नाही, त्यांची कृती पाहिली, ते वाईट मार्गावरून मागे फिरले हे पाहिलं. आपल्याकडे धोंडी काढतात, ग्रामदेवतेला पाणी घालतात. त्या चौकात एखाद्या म्हाताऱ्याने उठून, पाण्याचा टँकर कुणाच्या गल्लीत आधी जातो ते बोला, असं म्हणावं, तसं ते आहे. तालमूद तर आणखी रोखठोक: उपवासाचं फळ त्या दिवशीच्या दानात. जेवण वाचलं ते कुणाच्या तरी ताटात गेलं पाहिजे.

त्याच प्रकरणात लोद गावची हकीगत आहे. पावसासाठी उपवास पुकारला आणि दुपारच्या आत पाऊस आला. रब्बी तारफोन लोकांना म्हणाले, जा, खा, प्या, सण करा. लोक घरी गेले, जेवले, आणि संध्याकाळी पुन्हा जमून स्तुतीचं मोठं स्तोत्र म्हटलं. कुणी म्हटलं नाही की संकल्प सोडला, आता रात्रीपर्यंत बसा.

आज त्या लोदमध्ये मराठी बोलणारी बेने इस्राएल कुटुंबं राहतात. अश्दोदला, दिमोनाला, बेरशेबाला राहतात. १९४८ नंतर हा समाज हळूहळू तिकडे गेला. तिथून त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. २०११ च्या जनगणनेत सगळ्या भारतात यहुदी साडेचार हजारांच्या आसपास भरले. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. पुण्यात १८७४ साली छापलेला त्यांचा मराठी हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, आता जगातल्या ग्रंथालयांत जपून ठेवतात. त्यातल्या चित्रात नऊवारी नेसलेल्या बायका बिनखमिराच्या भाकरी करताना दिसतात. मुंबईत १८८० च्या सुमारास या समाजाने कीर्तनही सुरू केलं होतं, बायबलातल्या आख्यानांवर, टाळ-पेटीच्या साथीने. एखाद्या बुवाने गदल्याचं आख्यान लावलं असतं तर पूर्वरंगात काय घेतलं असतं, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

हे शोकाचे उपवास कायमचे नाहीत, असं यहुदी परंपराच सांगते. जखऱ्या संदेष्ट्याने म्हटलं आहे की चौथ्या, पाचव्या, सातव्या आणि दहाव्या महिन्यांचे उपवास पुढे आनंदाचे सण होतील. त्यासाठी सत्यावर आणि शांतीवर प्रेम करा. तालमूदने त्याचा व्यवहार लावला: पूर्ण शांती असेल तेव्हा सण, छळ असेल तेव्हा उपवास, आणि दोन्ही नसेल तेव्हा ज्याची त्याची इच्छा. पिढ्यान् पिढ्या लोकांनी इच्छेने उपवासच केला.

आणि बेने इस्राएलांनी जखऱ्याची वाट न बघता आपल्या परीने एक सोय केलेली होती. नव्याच्या रोजाच्या दुसऱ्या दिवशी, तिश्रीच्या चतुर्थीला, त्यांचा ‘खिरीचा सण’ असे. नवं भात हाती आलेलं असे. नारळ खोवून त्याचं दूध काढायचं, त्यात नवे तांदूळ शिजवायचे, गोड घालायचं, ऊद जाळायचा, ‘शेमा’ म्हणायची आणि घरातल्या सगळ्यांनी बसून ती खीर खायची. या सणाचा बायबलात आधार नाही, तालमूदमध्ये नाही, जगातल्या इतर यहुद्यांना तो माहीतही नाही. तो अष्टमी, पेण, अलिबागच्या भातखाचरांतला आहे. पुढे हिब्रू शिकलेल्या पिढ्यांनी पोथीप्रमाणे सण लावले, तसा हा मागे पडला. पुण्या-मुंबईत ज्या घरांत अजून कुणी वडीलधारं असेल त्यांना जाऊन विचारायला हवं की खिरीत गूळ घालत की साखर, आणि आदल्या दिवशीच्या उपवासाची गोष्ट मुलांना कोण सांगत असे. या व्याख्यानमालेच्या तरुण कार्यकर्त्यांनी ते काम अंगावर घ्यावं, अशी माझी विनंती आहे. पत्ते शोधायला मी बरोबर येईन.